दाराशी टांगलेला पिंजरा

कोल्हारला माझ्या बसथांब्यामागे दर हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. यंदा त्यातल्या एका कोपीच्या दाराशी पोपटाचा पिंजरा टांगलेला होता. तो पाथर्डीकडच्या एका पन्नाशीच्या बाईचा. फडावर निघण्याआधी ती त्याची वाटी राखेने घासायची आणि भरायची. एखाद्या दिवशी भिजवलेले हरभरे असत, नाहीतर पेरूची फोड, गाजर किंवा शेवग्याचा कोवळा पाला. जाता-येता कुणी पिंजऱ्यात उसाचं कांडकं खोचलं, की ती ते उपसून शेजारच्या बैलांपुढे टाकायची.

एकदा मी विचारलं, “मावशी, याला रोज वेगळं लागतं का?”

“एका जागी बसून ऱ्हातंय ते,” ती म्हणाली. “त्याला दुसरा काय बदल हाय? खान्यातच.”

मग तिने फडक्यात स्वतःची भाकरी बांधली. भाकरीवर लाल चटणी होती. काल तेच होतं, परवाही तेच.

“आणि तुम्हाला?”

ती हसली. “आमी काय पिंजऱ्यात ऱ्हातो व्हय?”

तेवढ्यात मुकादमाने ओरडून हाक मारली. तिने कोयता उचलला आणि ट्रॅक्टरकडे पळत सुटली.