अत्सेदेनं नेलेला दगड

अत्सेदेनं तीन गव्हर्नर पाहिले आणि तिघेही पाठमोरे. गोंदर शहरात इटालियनांचं राज्य उणीपुरी पाच वर्षं टिकलं. तेवढ्यात गव्हर्नर असे बदलले की बंगल्याचा माळीसुद्धा त्यांची नावं पाठ करायच्या भानगडीत पडेना. पहिला, दुसरा, तिसरा, एवढंच लोक म्हणत. ज्यांना सरकारकडून काही नको होतं त्यांचं तेवढ्यावर भागायचं. अत्सेदेला नवरा परत हवा होता.

नवरा तेगेन्ये खोगिरं शिवायचा. लाल कातड्यावरचा त्याचा टाका दुरून ओळखू यायचा आणि त्या टाक्यानंच घात केला. डोंगरात मारल्या गेलेल्या एका बंडखोराच्या खेचरावर त्याचं खोगीर सापडलं. शनिवारच्या बाजारात कुणीही येऊन न्यावं असं खोगीर! पण शिपाई घरी आले, त्याला घेऊन गेले आणि सहा महिन्यांनी कळलं, की त्याला पार दक्षिणेला, समुद्राकाठच्या छावणीत धाडलंय.

अत्सेदे घरी तल्ला गाळून विकायची. पिणारे चढल्यावर कितीही बडबडोत, तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. ती रडत बसली नाही. आपल्याकडची जी रीत तिला ठाऊक होती, ती तिनं धरली. राजाची स्वारी निघाली की वाटेत उभं राहून ‘अबेत! अबेत!’ अशी दाद मागायची आणि राजानं खेचर थांबवून ऐकायचं. पहिल्या गव्हर्नरची मोटार येताना ती घसा फुटेस्तोवर ओरडली. मोटार थांबली नाही. आतल्या माणसानं हात तेवढा हलवला. त्याला बहुधा जयजयकार वाटला असावा. धुरळ्यातून तिला त्याची टोपी मागून दिसली.

दुसऱ्याच्या वेळी तिनं अर्ज केला. कचेरीत ओक्बाझ्गी नावाचा, इटालियनांच्या जुन्या वसाहतीतल्या अस्मराचा दुभाष्या होता. बरा माणूस, पण हात बांधलेले. आठ महिने ती त्याच्या दारात बसली.

“अर्ज वर गेलाय, बाई,” तो दर वेळी म्हणायचा.

“वर म्हणजे किती वर? देव तर वाटेतच लागला असेल ना?”

तो हसायचा आणि इकडे तिकडे पाहायचा. मग दुसऱ्याचीही बदली झाली. निरोपाच्या सलामीला ती गर्दीत उभी होती. तिच्याकडे पाठ करून तो मोटारीत चढला.

तिसरा आला आणि दवंडी पिटली गेली, की शनिवारी बंगल्याच्या आवारात लोकांचं म्हणणं ऐकलं जाईल. शेजारचे म्हातारे पुरोहित, अब्बा त्सेगा, मुद्दाम तिच्याकडे आले.

“तीन वर्षं ‘माझा नवरा निर्दोष’ म्हणून भांडलीस. काय पडलं पदरात?”

“मग काय करू? नाचू का?”

“मानेवर दगड घे आणि पायाशी पड. दगड घेऊन आलेल्याला आपल्या राजांनी कधी विन्मुख पाठवलं नाही.”

“पण त्यानं काही केलंच नाही, अब्बा!”

“केलं की नाही ते कोण विचारतंय, पोरी? वरच्यानं हातानं दगड उतरवला की प्रकरण मिटलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.”

शनिवारी अत्सेदेनं दळायच्या पाट्यावरचा वरवंटा मानेवर घेतला आणि कमरेत वाकून चढ चढू लागली. रस्त्यावरचे लोक बाजूला सरत होते. हे काय आहे ते प्रत्येकाला कळत होतं. एका म्हातारीनं तर “देव त्याला पाझर फोडो” म्हणून तिच्या पाठीला हात लावला. तीन वर्षांत पहिल्यांदाच आपण बरोबर काहीतरी करतोय, असं अत्सेदेला वाटलं.

गव्हर्नर व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत उभा होता, आवाराकडे पाठ करून. खाली आला तो त्याचा एक अधिकारी. आधी अस्मराकडे बरीच वर्षं काढलेला, इथल्या रीतीभाती आपल्याला समजतात याचा त्याला कोण अभिमान! दगड पाहून त्याचा चेहरा खुलला. ओक्बाझ्गीमार्फत त्यानं विचारलं, “दगड कुणासाठी आणलास?”

“नवऱ्यासाठी, मालक.”

“अपराध्यानं आणतात ना हा?”

“होय, मालक. माफी द्या.”

ओक्बाझ्गीनं भाषांतर केलं. अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं तिच्या मानेवरून वरवंटा उतरवला. अत्सेदेनं त्याच्या बुटाचं चुंबन घेतलं. घरी येऊन तिनं तल्लाचं नवं मडकं घातलं, तेगेन्येचा पांघरायचा सुती शमा धुऊन वाळत टाकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, “त्यानं हातानं उतरवला, हातानं!”

तिसऱ्या दिवशी ओक्बाझ्गी आला. बस म्हटलं तरी बसेना.

“ज्यांच्यावर काही शाबीत झालं नाही, अशा चाळीस जणांना सोडायचं ठरलं होतं. यादीत तेगेन्ये होता.”

“होता?”

“शनिवारी त्या दगड उतरवणाऱ्या साहेबांनी नाव खोडलं. घरच्यांनी गुन्हा कबूल केला, असा शेरा मारलाय.”

अत्सेदे त्याच्या अंगावर धावून गेली. “अरे, तू आमच्यातलाच ना! सांगायचं नाहीस त्याला?”

“सांगितलं, बाई. तो म्हणाला, मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”

एकोणचाळीस जण आले. त्यांतला वेल्डू म्हणून एक विणकर तिच्या दारात आला, तेव्हा ती मडकी घासत होती. तिनं दिलेला तल्ला त्यानं घेतला नाही. तेगेन्ये तापानं गेला, हे त्यानं आधी सांगून टाकलं. आम्ही निघालो त्याच आठवड्यात, निघायच्या आधी गेला, म्हणाला.

“त्याला काय सांगितलं होतं त्यांनी?” अत्सेदेनं विचारलं.

“एवढंच, की तुझ्या बायकोनं कबूल केलंय. त्यानं मला तुला विचारायला सांगितलं, की असं का केलंस.”

“दगड नेला रे मी. माफीचा दगड.”

वेल्डूनं मान खाली घातली. मी असतो तर मीही नेला असता, असं तो म्हणाला. मग म्हणाला, “मला कळतंय, ताई.”

“तुला कळून काय करू?” अत्सेदे म्हणाली.