हाल्वरचा कान

हाल्वर टोनेमला गाडीच्या पोटातलं कळतं, असं आमच्या दरीत चाळीस वर्षं बोललं जायचं. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करून इंजिन ऐकायचं. "तिसरा प्लग," म्हणायचा, आणि खराब प्लग तिसराच निघायचा. पार ओस्लोहून लोक जुन्या गाड्या ट्रकवर घालून त्याच्याकडे आणायचे. त्याच्या गॅरेजला लागूनच माझा पेट्रोल पंप आणि कॉफीचं दुकान. त्यामुळे ही नाटकं मी रोज फुकटात बघितली आहेत. नाटकं म्हणते खरी, पण माणूस चुकायचा नाही.

त्याची बायको योरुन माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्नात त्याने तिला एक जुनी फिकट निळी व्होल्वो दिली होती, आणि ती तो तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ लोखंड खातं. म्हणून दर ऑक्टोबरात हाल्वर गाडी जॅकवर चढवायचा, खाली उताणा पडून तिच्या बुडाला काळा डांबरी रंग फासायचा. मग तोंड पुसत म्हणायचा, "जा आता, कुठं जायचं तिथं जा."

योरुनला जायचं असायचं एकाच ठिकाणी. तिची थोरली बहीण बोर्गिल्ड घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. बोर्गिल्डच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललं होतं. आधी शेजारी गेले, मग पोटची मुलं गेली. योरुन तेवढी उरली होती, कारण ती दर गुरुवारी न चुकता जायची. तिथल्या नर्सने सांगूनच ठेवलं होतं, "खंड पाडू नकोस हं. खंड पडला की संपलं."

आणि त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता गाडी घाटात बंद पडायला लागली.

"अरे, अर्ध्या चढावर आचके देते आणि मरते," योरुन सांगत होती. "दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते शहाण्यासारखी. जरा वर गेलं की परत तेच."

हाल्वरने बॉनेट उघडलं, डोळे मिटले. इंजिन झकास चालत होतं.

"हिला काही धाड भरलेली नाही," तो म्हणाला. "तू चोक ओढून ठेवतेस आणि वर ॲक्सिलरेटरवर पाय दाबतेस. गाडी आहे ती, लोणी काढायचं यंत्र नव्हे!"

कॉफी पिणारे सगळे खो खो हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

"तू स्वतः घाटात नेऊन बघ ना," ती म्हणाली. तो गेलाही. नशीब बघा, पुढे दुधाचा टँकर. अख्खा चढ दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चढला, आणि गाडीने हूं की चूं केलं नाही. परत आल्यावर काय रुबाब त्याचा! "गाडीही ठीक, माझा पायही ठीक. आता उरलं कोण?"

डिसेंबरात ती तिसऱ्यांदा अडकली. स्टार्टर मारून मारून बॅटरीही बसली. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याने तिला दोन तासांनी खाली आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तिने किल्ली खिळ्याला लावली. "मला येत नाही चालवता. झालं तुझं समाधान?" एवढंच म्हणाली.

"रविवारी मी नेतो की तुला," हाल्वर म्हणायचा. पण रविवारी कुणाचा ना कुणाचा ट्रॅक्टर दारात उभा असायचा. फोनवर बोर्गिल्डला काही उमगायचं नाही, रिसीव्हर ती टेबलावर ठेवून द्यायची. शेवटी एप्रिलात, ईस्टरच्या सुट्टीत दुकान बंद करून मीच योरुनला घेऊन गेले. बोर्गिल्डने तिच्याकडे बघितलं, हसली, आणि इंजेक्शनसाठी बाही वर केली. तिला वाटलं, नवी नर्स आली.

येताना घाटभर मला रडू आवरेना, योरुनच मला रुमाल देत होती.

पुढच्या ऑक्टोबरात हाल्वरने नेहमीप्रमाणे गाडी जॅकवर चढवली. बुडाचा जुना रंग पोपडे धरून सुटत होता, तो खरवडताना पत्र्याची सुरी पेट्रोलच्या नळीवर अडकली. नळी तिथे चपटी झाली होती, जेमतेम सुई जाईल एवढी फट. आणि शेजारी बुडावर जॅकच्या गोल तबकडीचा ठसा. मागच्या वर्षी रंग द्यायला गाडी उचलली तेव्हा जॅक बोटभर सरकला होता. हाल्वरनेच नळी चेमटवली होती, आणि त्यानेच वरून रंग फासून ती झाकली होती.

उभ्या गाडीला पेट्रोल लागतं किती? चमचाभर. तेवढं त्या फटीतून यायचं, म्हणून कानाला सगळं झकास. हळू चढलं तरी भागायचं. पण जोर मागितला की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भांडं रिकामं, आणि दहा मिनिटं थांबलं की पुन्हा भरलेलं. योरुनने शब्दन् शब्द खरा सांगितला होता.

नळी कापून तो माझ्या दुकानात आला. योरुन तिथेच बसली होती. तिच्यापुढे त्याने ती टेबलावर ठेवली. "माझ्या जॅकने झालं," म्हणाला, "मी केलं."

तिने नळी उचलून एका डोळ्याने आरपार बघितली. "म्हणजे माझा पाय नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

त्या गुरुवारी नवी नळी घालून आम्ही तिघं निघालो. योरुन चालवत होती, मी मागे वॅफल्सचा डबा मांडीवर घेऊन. तिने मुद्दाम पाय दाबून ठेवला. गाडी घाट अशी चढली, की बस्स. हाल्वर खिडकीबाहेर बघत होता.

बोर्गिल्ड खिडकीशी बसली होती. समोरची खुर्ची रिकामी बघून योरुन बसायला गेली, तर म्हातारी एकदम घाबरली.

"तिथे नको गं, बाळ! ती माझ्या बहिणीची खुर्ची आहे. दर गुरुवारी येते ती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हल्ली तिची गाडी घाटात बंद पडते, म्हणून उशीर होतो. पण तिचा नवरा आहे ना, भारी कारागीर. तो करेल नीट."

हाल्वर भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागला. योरुनने त्याला गप्प केलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि वॅफल्स ताटलीत काढायला लागली.

ते दोघं अजून दर गुरुवारी जातात. बसतात पलंगावरच.