पंचावन्न इंची फट

वर्षभर तोंड न दाखवलेल्या, राखीलाही न फिरकलेल्या माझ्या धाकट्या भावाचा एके सकाळी फोन आला. कशी आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही. थेट म्हणाला, "आक्का, फोर के म्हंजे काय गं? तुला म्हाईत आसंल, तू नगरात ऱ्हातीस."

नगरात राहणाऱ्या माणसाला जगातलं सगळं ठाऊक असतं, अशी आमच्या गावाची पक्की समजूत आहे. मी सावेडीत तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. त्यातून टीव्हीचं ज्ञान कुठून मिळणार, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचा आवाज ऐकून माझे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून स्वतःचाच राग आला. "नवा टीव्ही घेतोयस?" एवढंच विचारलं.

"घ्यायचाय. फट बघायचीय."

फट म्हटल्यावर मला सगळं कळलं. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. चैत्रात जत्रा, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. गेल्या वर्षी शेवटच्या, चांदीच्या गदेच्या कुस्तीत याच भावाचा मुलगा, माझा भाचा, उतरला होता, आणि पंच होते आमचे हे. ह्यांनी तरुणपणी माती अंगाला लावलेली. रिटायर झाल्यापासून आसपासच्या जत्रांत पंच म्हणून बोलावणी येतात, आणि नारळ-टोपी घेऊन घरी आले की आठवडाभर मान ताठ असते. त्या कुस्तीत समोरच्या गड्यानं भाच्याला उचलून टाकलं. भाचा पडला तसा कमानीसारखा वर उसळला. पण त्या मधल्या क्षणात ह्यांना त्याचे दोन्ही खांदे मातीला लागलेले दिसले आणि ह्यांनी तो चीत झाल्याची शिट्टी मारली. भाऊ चपलांसकट कुस्तीच्या हौदात घुसला. "टेकली न्हाई! पाठीखाली फट व्हती!" अख्ख्या जत्रेनं ऐकलं.

त्यानंतर हे म्हणाले, "मी पाहिलं ते सांगितलं. पंचाला नातं नसतं." भाऊ म्हणाला, "दाजींनी घरचं पोरगं पाडलं." दोघांनी आपापल्या मिशा सांभाळल्या आणि माहेर बंद झालं ते माझं. भाच्याला तर बापानं बजावलं, की हा डाग धुतल्याशिवाय पुन्हा मातीत उतरायचं नाही. बावीस वर्षांचा गडी, ऐन उमेदीत, गोठ्यात म्हशींची शेपटं धरत बसला.

त्या कुस्तीचा व्हिडिओ होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून कुणीतरी मोबाईलवर काढलेला, मग या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरलेला. भाऊ तो वर्षभर रोज बघत होता, पण मोबाईलवर फट काही दिसत नव्हती. मग दूध डेअरीवर कुणा शहाण्यानं त्याला सांगितलं, की फोर के टीव्हीवर मुंगीच्या पायाचा केसही दिसतो. झालं. आमच्या गावात डेअरीवर बोललेली गोष्ट कोर्टात ठरलेल्या गोष्टीपेक्षा वरची असते.

"फट दिसली तर दाजींनी गावासमोर यायचं आन् चूक झाली म्हनायचं," भाऊ फोनवर म्हणाला. "न्हाई दिसली, तर मी सोता येतो त्यांच्या पाया पडाय. बोल, हाय कबूल?"

मला कोण विचारत होतं! पण माझं माहेर त्या फटीत अडकलं होतं, म्हणून मी हो म्हणाले आणि चौकशीला लागले. चष्मा लावून मोबाईलवर वाचलं, दोन दुकानांतून फिरले, आणि माझ्या लक्षात आलं, की हे तर आपलं दोसुती कापडावरचं भरतकाम. पडदा म्हणजे कापड, त्यावरचा ठिपका म्हणजे टाका. फोर केच्या कापडावर आडवे तीन हजार आठशे चाळीस टाके, उभे दोन हजार एकशे साठ, सगळे मिळून ऐंशी लाखांच्या वर. साध्या फुल एचडीत त्याच्या चौथाई. आडवे टाके चार हजारांच्या जवळ जातात म्हणून फोर के. चार हजार पुरते भरतही नाहीत, पण तेवढी सूट कंपन्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकली आहे. बास, एवढंच ते फोर के. बाकी सगळी झालर.

आणि क्लासमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळेल अशी गोष्ट या लाखोंच्या धंद्यात कुणी सांगत नाही. पोपटाचा नमुना मुळात वीस टाक्यांचा असेल, तर तो कितीही बारीक कापडावर मोठा करून घाला, त्याला पापणी फुटत नाही. पापणी नमुन्यातच असावी लागते. नसली तर भरणारीनं आपल्या मनानं घालायची. नवे टीव्ही तेच करतात. शेजारचे ठिपके बघून मधले अंदाजानं भरतात आणि त्याला मोठं इंग्रजी नाव देतात.

भाऊ टीव्ही घ्यायला नगरला आला, तेव्हा हे सगळं मी त्याला शोरूमच्या दारातच सांगितलं. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आत शिरला.

आत पन्नासेक टीव्ही एकाच वेळी पोपट दाखवत होते. खरंच पोपट! लाल-निळे, परदेशी, एकेक पीस मोजून घ्यावं असे. मग मधाची धार, मग कापलेलं संत्रं. आपल्या घरात संध्याकाळी जे बघतात, त्या बातम्या आणि सासवासुनांच्या मालिका, यातलं काहीही एकाही पडद्यावर नव्हतं. टायवाला विक्रेता भावाला म्हणाला, "सर, हे पीस बघा, हात लावावासा वाटतो ना?" भावानं खरंच हात लावला. मला लाज वाटली.

"किती लांबून बघणार, हे विचारलंत का तुम्ही?" मी म्हणाले. "यांच्या ओसरीत भिंत आणि खाट यांत बारा फूट आहेत. तिथून लहान सेटवर फोर के आणि साधं, काही फरक कळायचा नाही."

"म्हणून तर मॅडम, पंचावन्न इंची."

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर पंचावन्न इंचीच होतं. मी पिशवीतून मोबाईल काढला. "बरं, हा व्हिडिओ लावा त्याच्यावर." तो हसला, वायफायचा काही प्रॉब्लेम आहे म्हणाला, आणि भावाकडे वळून हळूच, जणू मी तिथं नव्हतेच, म्हणाला, "सर, यात एआय आहे. जुनं नवं करतो." भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला, की बघ, तुझं शिवणकाम कुठं आणि हे कुठं. अर्ध्या तासात टीव्ही टेम्पोत चढला. मीही चढले, पुढं ड्रायव्हरशेजारी. वर्षानं माहेरी जात होते, एका खोक्याची पाठराखीण म्हणून.

ओसरीत टीव्हीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. भावजय मला बिलगली, तिचे डोळे पाणावले, मग चहाला पळाली. दुपारपर्यंत डेअरीवरचे सगळे परीक्षक येऊन बसले. भाऊ हातात रिमोट घेऊन उभा. व्हिडिओ लागला.

काय दिसलं म्हणून सांगू? मोबाईलवर निदान दोन माणसं लढताना दिसत होती. इथं पडदाभर तांबूस चौकटी हलायला लागल्या. भाच्याची पाठ तांबूस, माती तांबूस, समोरच्याची मांडी तांबूस. हौदात कुस्ती चाललीय की कुणी विटांचा ढीग ढकललाय, तेच कळेना. पण डेअरीवाले ते. एकजण म्हणाला, "दिसली, दिसली!" दुसरा म्हणाला, "कुठं रं? टेकल्याली दिसतीय." भावानं नेमक्या क्षणाला चित्र थांबवलं, पडद्याजवळ गेला आणि बोट ठेवलं. "ही बघा फट. पांढरी रेघ. खांदा हितं, माती तितं, मधी उजेड."

आणि खरंच, खांद्याच्या कडेनं एक पांढरी रेघ होती.

आता ह्यांना गावासमोर मान खाली घालावी लागणार, आणि हे घालणार नाहीत. मग मी नीट बघितलं. तशीच पांढरी रेघ भाच्याच्या डोक्याभोवती होती. ह्यांच्या टोपीभोवती होती. मागं उभ्या असलेल्या आइस्क्रीमच्या गाडीभोवतीही होती. मी भावाच्या हातून रिमोट घेतला. दुकानात पोपट उठून दिसावेत म्हणून करतात तशी सगळी सेटिंगं वर चढवलेली होती. त्यात शार्पनेस नावाचा एक काटा असतो. तो चढवला की टीव्ही प्रत्येक वस्तूच्या कडेला आपल्या मनानं उजळ रेघ ओढतो. मी काटा खाली आणला. फट बुजली. वर नेला. फट उघडली.

"बोल," मी म्हणाले, "किती इंची फट पाहिजे तुला? हवी तेवढी देते करून. दाजींना माफी मागायला लावायला किती लागेल?"

डेअरीवाले हसले. भाऊ हसला नाही. त्याचं तोंड उतरलं होतं, पण तो माझाच भाऊ. म्हणाला, "वरच ऱ्हाऊ दे तो काटा. कंपनीनं दिलाय म्हंजे काय येड्यानं दिलाय व्हय?"

भाचा दारात उभा होता. वैरण टाकून आलेला, अंगावर कडब्याच्या कुटीचा भुगा. सकाळपासून त्या टीव्हीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पडद्यावरच्या स्वतःच्या चौकोनी पाठीकडे त्यानं थोडा वेळ बघितलं.

"आप्पा, बंद करा ते," तो म्हणाला. "टेकली व्हती."

"काय?"

"दोनी खांदे टेकले व्हते. माती गार लागली पाठीला. मामांनी शिट्टी बरोबर मारली व्हती."

भाऊ पडद्यावरून पोराकडे वळला. म्हणाला, "मग वरीसभर बोलला का न्हाईस?"

"तुमी वरीसभर सगळ्यांला इचारलं. डेअरीवर इचारलं, दुकानात इचारलं, आत्याला इचारलं." त्यानं पाठीवरचा भुगा झटकला. "पाठ माझी हाय, आप्पा. मला कवा इचारलं?"

डेअरीवाल्यांना एकाएकी आपापली कामं आठवली. चपलांचा आवाज झाला आणि ओसरी रिकामी झाली. ऐंशी लाख ठिपके भिंतीवर तसेच चमकत राहिले. माझ्या मनात आलं, आता हे बरोबर ठरले, म्हणजे पुढचं वर्षभर घरात ऐकायचं मला. आणि त्याचवेळी असंही वाटलं, की ऐकेन. खुशाल ऐकेन.

भाऊ खाटेवर बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाजी काय करतेत घरी?"

"टीव्ही बघत असतील," मी म्हणाले. "आमचा जुना, लहानसा. त्यात माणसं बऱ्यापैकी माणसांसारखी दिसतात."

भाऊ उठला आणि त्यानं खुंटीवरची टोपी घेतली. मग दारात थांबून, वर्षात पहिल्यांदाच, पोराला विचारलं, "येतोस का?"