धंतोलीतल्या लॅबची गुडविल

नागपूरच्या धंतोलीत डॉक्टर प्रेमलतांची रक्त तपासायची लॅब होती. सत्यवती तिथं पंचवीस वर्षांची असताना काचेच्या नळ्या धुवायला लागली. कामठीहून शेअर ऑटोनं यायची, संध्याकाळी तशीच परतायची. अक्षर सुरेख म्हणून मॅडमनी तिला महिन्याभरात काउंटरवर बसवलं. पुढं मुक्त विद्यापीठाचा फॉर्मही त्यांनीच आणून दिला. ती बी. कॉम. झाली आणि लॅबचे हिशेब तिच्याकडे आले. या सगळ्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

सत्तरी ओलांडल्यावर मॅडमनी लॅब पुण्याच्या एका कंपनीला विकायचं ठरवलं. कंपनीकडून हिशेब करायला रितिका नावाची तरुण सीए आली. चार दिवस ती सत्यवतीच्या शेजारी बसून एकेक वस्तू तपासत होती. मशीन, फ्रिज, फर्निचर, येणी धरून आणि देणी वजा जाऊन बावन्न लाख झाले. कंपनी मात्र दोन कोटी वीस लाख देणार होती.

"लॅबचं नाव आणि डॉक्टरांशी असलेले करार, यांचे साठ लाख वेगळे दाखवते," रितिका म्हणाली. "उरले एक कोटी आठ लाख. ही गुडविल, म्हणजे लोकांच्या विश्वासाची किंमत."

सत्यवती स्क्रीनकडे बघतच राहिली. "इतकी वर्षं पुस्तकं मीच लिहिली. हा आकडा मले कधी दिसला नाही."

"दिसणार नाही, काकू. स्वतः कमावलेली गुडविल स्वतःच्या पुस्तकात लिहिता येत नाही. कोणी धंदा विकत घेतला, की घेणाऱ्याच्या पुस्तकात येते." रितिकानं पेन खाली ठेवलं. "पण मला एक सांगा. रस्त्यावर याहून मोठ्या लॅब आहेत. तरी इतक्या लांबून उमरेडकडचे पेशंट इथंच का येतात?"

मग सत्यवतीनं वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली.

नोकरीला तीन वर्षं झाली होती. एकाच सकाळी रुखमाबाई नावाच्या दोन बायका रक्त द्यायला आल्या. एक नागपुरातली, दुसरी उमरेडजवळच्या एका खेड्यातली. गर्दी होती. सत्यवतीनं नळ्यांवर लेबलं चिकटवली ती उलटी, एकीचं दुसरीच्या नळीवर. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या रुखमाबाईच्या डॉक्टरांचा फोन आला, "किडनी खराब दाखवताय, पण बाई तर ठणठणीत आहे." सत्यवतीनं रजिस्टर उघडलं आणि अदलाबदल तिच्या लक्षात आली. म्हणजे खेड्यातल्या बाईची किडनी बिघडली होती, आणि ती सगळं ठीक आहे असा कागद घेऊन घरी गेली होती. तिच्या घरी फोन नव्हता.

लपवावं, असं एक क्षण मनात आलं होतं. तेही तिनं रितिकाला सांगून टाकलं. पण त्या दिवशी ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, चूक माही आहे. लेबलं मीच उलटी लावली."

आता नोकरी गेली असं धरूनच ती उभी होती. मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. "रडून नको राहू वं. पत्ता घे अन् बस गाडीत. अगोदर ते बाई पाहू."

दोन तास शोधल्यावर घर सापडलं. रुखमाबाईचे पाय सुजले होते, तिला दम लागत होता. अंगणात सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "आमच्या लॅबची चूक झाली. रिपोर्ट दुसऱ्याचा होता." सत्यवतीचं नाव त्यांनी घेतलं नाही. रुखमाबाईचा नवरा चकित झाला. "एवढंच सांगाले तुमी नागपूरवरून आल्या?" त्याच गाडीतून बाईला धंतोलीत आणून दवाखान्यात भरती केलं. उपचार वेळेवर झाले आणि ती वाचली. तेव्हापासून त्या भागातले लोक याच लॅबचा पत्ता विचारत येऊ लागले. आणि तेव्हापासून लॅबमध्ये प्रत्येक नळीचं लेबल दोन माणसं वाचतात.

रितिकानं स्क्रीनवरचे रकाने पुन्हा पाहिले. "हे वेगळं दाखवायला कुठला रकाना नाही, काकू. माणसं ही कंपनीची मालमत्ता धरत नाहीत. तुमच्यासारख्यांचं सगळं काम या गुडविलमध्येच मिसळून जातं."

व्यवहार पूर्ण झाला त्या आठवड्यात मॅडमनी लॅबमधल्या अकराही जणांना बोलावून एकेक चेक दिला. दोन लाखांचा. सत्यवती घेईना.

"मॅडम, पगार तं दर महिन्याले भेटतच होता."

"रितिका म्हणते, तुमचं काम गुडविलमध्ये मिसळलं. मंग त्यातून तेवढं काढून देऊन राहिली मी. घे."

नव्या कंपनीनं सत्यवतीला हिशेबावरच ठेवलं. दरवर्षी मार्चमध्ये तिला विचारणा होते, की गुडविलची किंमत घटली का. पहिल्या वर्षी तिनं पेशंटांची संख्या काढली, तक्रारी तपासल्या, सापडलं ते खरंखरं कळवलं. आकडा तसाच राहिला.

त्या रविवारी ती मॅडमच्या घरी गेली. ही बातमी सांगितली, आणि वीस वर्षं मनात ठेवलेलं बोलली, "त्या दिवशी तुमी मले काढलं नाही, मॅडम. काढलं असतं तं मी आज कुठं राहिली असती, ठाव नाही."

मॅडमनी चष्मा पुसला. "तू खरं सांगितलं म्हणून ते बाई वाचली अन् माही लॅबही. उपकार मानायचे तं मीच मानले पाहिजे." मग आत हाक मारून त्यांनी सांगितलं, की सत्यवती आज इथंच जेवणार आहे.