भुशाचं स्टूल

आमचे हे सुतार. होते म्हटलं की ह्यांना राग येतो, म्हणून आहेत म्हणायचं. तीन वर्षांपूर्वी करवतीच्या मशीनने उजव्या हाताची तीन बोटं नेली आणि तेव्हापासून हे खिडकीत बसलेले. मी बोलले की नुसती मान हलवायची. भिंतीशी संसार करत होते मी.

मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला असलेल्या आमच्या लेकीने अळंबीचं बियाणं आणलं. "बाबा, हे ओल्या भुशात मिसळून साच्यात भरा. बुरशी सगळा भुसा धरून ठेवते. खिळा नको, गोंद नको." जन्मभर मी घरातली बुरशी पुसत आले, आणि ही बया पिशवी भरून घेऊन आली. पण ह्यांनी डाव्या हाताने साचा बांधायला घेतला, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. दोन आठवड्यांनी कपाटाखाली ठेवलेल्या साच्यातून पांढरंशुभ्र स्टूल निघालं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

कॉलेजात प्रदर्शन होतं. तिथल्या डिझाइनच्या बाईंना हे काम शिकवायला कारागीर हवा होता. स्टुलाने माणसाचं वजन पेललं, की नोकरी ह्यांची. लेकीने बजावलं होतं, "कोपऱ्यावरच्या बेकरीची भट्टी निवत आली की तिच्यात ठेवून भाजा. बुरशी मेली की ते कडक होतं." हे "हो हो" म्हणाले आणि स्टूल कापडात गुंडाळून सावलीला ठेवलं. ओलं लाकूड सावलीतच वाळवायचं, ही चाळीस वर्षांची सवय. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

प्रदर्शनात कापड काढलं. स्टुलाच्या बुडाला दोन अळंब्या उगवल्या होत्या, चांगल्या कानाएवढ्या. बाई म्हणाल्या, "बसून दाखवा." हे जागचे हलेनात, म्हणून मीच बसले. एक पाय मोडला आणि मी सगळ्यांदेखत जमिनीवर. हे पांढरेफटक पडले. कमरेला लागलं त्याहून जास्त मला ह्यांचं तोंड बघून लागलं.

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. "सावलीत वाळवायला ते काय सागवान आहे?" ह्यांनी मोडका पाय जागेवर टेकवला, ओल्या चिंधीने बांधला आणि स्टूल परत कपाटाखाली सरकवलं. मला वाटलं, संपलं. आता हे खिडकीतून उठायचे नाहीत.

आठव्या दिवशी लेकीने चिंधी सोडली आणि आम्ही तिघंही बघतच राहिलो. पाय जुळला होता. भाजलं नव्हतं म्हणून बुरशी जिवंत होती, आणि तिने तो आपला आपण जोडला होता. जन्म सांधे जुळवण्यात गेला ह्यांचा, पण डाव्या हाताने कितीही चाचपलं तरी सांधा लागेना.

या खेपेला भट्टीत भाजूनच बाईंकडे नेलं. बाईंनी भिंग घेऊन सांधा शोधला, सापडला नाही. मग त्या स्वतः बसल्या. चांगली पाच मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

परतताना मी बडबडत होते. घराच्या पायरीशी थांबून ह्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्या तीन थोटकांकडे बघत म्हणाले, "अगं, माझी बोटंही त्या दिवशी भुशातच पडली होती."

मी नुसता तो हात धरला.