थांबामास्तरांचा कान

थांबामास्तरांना आयुष्यात कशाचाच धीर धरवला नाही, एक बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सोडून. चहा निवायची वाट न बघता ते रोज जीभ भाजून घेत. दहाची बस असली की नऊलाच स्टँडवर हजर, आणि पावणेदहापर्यंत बस दिसली नाही की "ही काही येत नाही" म्हणून चालायला लागत. मग अर्ध्या वाटेत तीच बस त्यांच्या अंगावर धूळ उडवून पुढे जाई. त्यांच्या बायकोला वेल्डिंगच्या शेडवर येणारं सगळं गिऱ्हाईक काकू म्हणे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण काकूंनी शाळेतच पाठ केली होती, अर्थ मात्र लग्नानंतर समजला.

पण तुटलेलं बीड समोर आलं की मास्तरांच्या अंगात कोणी दुसराच संचारायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, तासाभरात होईल ना?" मास्तर म्हणायचे, "थांबा." दुपारी पुन्हा विचारलं तरी, "थांबा." संध्याकाळी माणूस विचारायचं सोडून द्यायचा आणि शेडमधल्या बाकावर आडवा व्हायचा. त्या एका शब्दावरून त्यांना हे नाव पडलं आणि खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं. काकू म्हणत, "मी बिडाची असते तर माझाही संसार निवांत झाला असता."

आता बीड हा प्रकारच तसा. साधं लोखंड वाकून तरी घेतं. बीड वाकत नाही, सरळ मोडतं. त्यातून शेतीच्या यंत्रांचं बीड म्हणजे पंधरा-वीस वर्षं तेलात मुरलेलं. वरून पुसलं की कोरडं ठणठणीत दिसतं, पण गॅसची ज्योत धरली की आतलं तेल घामासारखं बाहेर येतं, शेडभर धूर होतो आणि शेजारचा इस्त्रीवाला खिडक्या आपटून लावून घेतो. मास्तर ते पुसत, पुन्हा तापवत, पुन्हा पुसत. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडत, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग भेग घासून रुंद करत आणि वेल्डिंगचा पहिला टाका घालत. तो हमखास फसायचा. राहिलेलं तेल उकळून त्याची पार चाळण व्हायची. मास्तर तो निमूटपणे घासून काढत आणि दुसरा घालत. "पहिला टाका तेलाचा, दुसरा माझा, तिसरा गिऱ्हाइकाचा," असं त्यांचं गणित होतं. टाकाही बोटाच्या पेराएवढाच. त्यावर हातोडीने हलकं ठोकायचं, आणि हाताला चटका बसेनासा होईपर्यंत पुढचा टाका नाही.

शेवटी राख. तेलाचं एक पिंप आडवं कापून त्यात राख भरलेली असे, काकूंनी पिठाच्या जुन्या चाळणीने चाळलेली. गरम तुकडा त्या राखेत पुरायचा आणि सावकाश निवू द्यायचा, कारण घाईने निवलेलं बीड टाक्याशेजारी तडकतं. तडकताना ते एकदाच बारीक आवाज करतं: टिंग. काचेच्या पेल्यावर नख वाजवावं तेवढाच. तो आला की केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. नाही आला तर यंत्र दहा वर्षं बघायला नको. म्हणून मास्तर राखेशेजारी उलट्या बादलीवर बसून राहत, आणि तेवढ्या वेळात शेडमध्ये कोणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. कोणी हमी मागितली की ते आपल्या उजव्या कानाला बोट लावत आणि म्हणत, "ही हमी." बत्तीस वर्षांत त्यांच्या शेडमधून गेलेलं काही परत आलं नव्हतं.

ते या हंगामात आलं. ज्याचं मळणीयंत्र गावोगाव भाड्याने फिरायचं, त्या मळणीवाल्याने गिअरबॉक्सची बिडाची पेटी टेबलावर आणून ठेवली. आठवड्यापूर्वीच ती मास्तरांनी सांधली होती.

"दुसऱ्या दिवसापासून तेल गळतंय, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा लावला. टाका शाबूत होता, पण त्याच्या शेजारून केसासारखी एक नवी भेग गेली होती. मास्तरांनी ती बघितली आणि मग दोष द्यायला सुरुवात केली. हल्ली वेल्डिंगच्या रॉडमध्ये काही राम राहिला नाही. हल्लीचं बीड भंगारातून ओततात. यंत्र ओढणारा ट्रॅक्टरवाला खड्डे बघत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे मास्तरांनी जन्मभर दुसऱ्या वेल्डरांबद्दल म्हटलेलं वाक्य काकूंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं, कारण त्यांना जे ठाऊक होतं ते आणखी वाईट होतं.

स्वयंपाकघराची खिडकी बरोबर राखेच्या पिंपावर उघडायची. गेल्या आठवड्यात भाजी निवडताना काकूंनी तो आवाज ऐकला होता. स्पष्ट टिंग. आता जेवायला उशीर, असं म्हणत त्यांनी गॅस बारीकही केला. पण मास्तर डोळे मिटून बादलीवर तसेच बसून राहिले, आणि तासाभराने आत येऊन म्हणाले, "वाढ. एक नंबर झालंय काम." काकूंना वाटलं, आपल्यालाच भास झाला असेल. त्या कानावर अविश्वास दाखवायची घरात पद्धतच नव्हती.

आता सगळं जुळायला लागलं. फोनवर मास्तर हल्ली "नेटवर्क नाही" म्हणून ओरडायचे. एकदा तर फोन करणारा फाटकातच उभा होता. रेडिओ इतका मोठा असे की बातम्या इस्त्रीवाल्याला फुकट मिळत. मुलीने मागच्या सुट्टीत कानाचं यंत्र आणून दिलं होतं. मास्तरांनी ते एकच दिवस लावलं. त्यात नळ, चावी, चमचा सगळंच टिंग वाजतं, अशी तक्रार करून ते फ्यूजच्या तारांच्या डब्यात टाकून दिलं. "मला ऐकू येतं. लोकच पुटपुटायला लागलेत," ते म्हणाले. झालं, सगळं गाव एकाच वर्षात पुटपुटायला लागलं.

मळणीवाला सांगत होता, सहा शेतांत पीक कापून पडलंय. दोन दिवसांत पेटी मिळाली तर ठीक, नाहीतर तो ती मोठ्या वर्कशॉपात नेणार. मोठ्या वर्कशॉपात नेणार म्हणजे थांबामास्तरांचं काम परत गेलं, हे बाजारभर होणार. काकूंना बाजाराचं एवढं नव्हतं. त्यांना भीती वाटली ती वेगळीच: कान गेला हे या माणसाला कळलं तर तो उद्या शेड उघडेल का? आणि शेड नाही उघडली, तर हा उतावळा जीव दिवसभर घरात करणार काय?

"थांबा," मास्तर मळणीवाल्याला म्हणाले आणि गॅस पेटवला.

दुपारी पेटी राखेत गेली. मास्तर बादलीवर बसले. काकूंनी दुसरी बादली उलटी केली, कांद्यांची परात घेतली आणि त्याही बसल्या.

"तू इथे कशाला?"

"आत उकडतंय."

मळणीवाला चहा सांगायला कोपऱ्यावर गेला. काकू त्याचीच वाट बघत होत्या, कारण ही गोष्ट चारचौघांत करायची नव्हती. मास्तर डोळे मिटून, उजवा कान राखेकडे करून, मोठ्या गांभीर्याने ऐकत होते. काकूंनी त्यांच्या हाताला हात लावला आणि मोठ्याने विचारलं, "अहो, ऐकलंत का?"

मास्तरांनी डोळे उघडले. राखेकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "ऐकलं," ते म्हणाले. "वाजलं. मला वाटलंच होतं, रॉडच तसला आहे."

"काहीच वाजलं नाही," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी चिमट्याने राख उगाच सारखी केली. मग म्हणाले, "परीक्षा घेतेस माझी?"

"हो."

"बत्तीस वर्षांनी?"

"मागच्या आठवड्यात वाजलं होतं. मी खिडकीतून ऐकलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमच्या कानापुढे माझ्या कानाला कोण विचारतंय? मीसुद्धा नाही विचारलं."

मास्तर चिडतील, बादली लाथाडतील, अशी काकूंनी मनाची तयारी केली होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. हातातला चिमटा खाली ठेवला आणि अगदी हळू, स्वतःलाही ऐकू गेलं नसेल इतक्या हळू, विचारलं, "मग आता मी काय करू गं?"

खोटं कशाला बोला, या माणसाला एकदा तरी गप्प करायचं हे काकूंचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. ते पुरं झालं. त्यांना रडू येत होतं, पण हातात कांदा होता, त्यामुळे ते निभावून गेलं.

"टाके तुम्ही घाला," त्या म्हणाल्या. "बसायचं मी बसते."

"तुला बिडातलं काय कळतं?"

"काही नाही. वाजलं की वाजलं म्हणायचं, एवढं कळतं."

मळणीवाला तीन चहा घेऊन आला. मास्तरांनी नेहमीप्रमाणे जीभ भाजून घेतली. आणि पेला खाली ठेवताहेत तोच, राखेतून, टिंग.

काकूंनी ऐकलं. मास्तर पेल्याकडे बघत होते. मळणीवाल्याने मान वर केली होती, पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याला काहीएक ऐकायचं नाही. सकाळपासून वाकून वाकून मास्तरांची पाठ धनुष्य झाली होती. एका क्षणासाठी काकूंच्या मनात आलं, राहू दे. आपण कुठे ऐकलंय.

"वाजलं," त्या म्हणाल्या.

"काकू, पेला वाजला असेल," मळणीवाला काकुळतीला आला.

"पेला अजून त्यांच्या हातातच आहे."

मास्तरांनी फक्त विचारलं, "कुठे?"

"तुमच्या बाजूला. पुरताना बोल्टचं भोक दिसलं होतं ना, त्याच्या जरा वर."

मास्तरांनी चिमट्याने पेटी बाहेर काढली, निवू दिली, त्या जागी रॉकेल लावून पुसलं आणि वर खडू घासला. भेगेत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि पांढऱ्या खडूवर हळूहळू एक काळी रेघ उमटली, काकूंनी सांगितलं बरोबर तिथेच. मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले. रॉडचं नाव निघालं नाही, ट्रॅक्टरवाल्याचंही नाही. बत्तीस वर्षांत बायकोचं म्हणणं त्यांनी पहिल्या झटक्यात ऐकल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही कान गेल्यावर.

"थांबा," ते मळणीवाल्याला म्हणाले. मळणीवाला बाकावर आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्टच्या भोकापाशी ज्योत धरली तेव्हा आत दडी मारून बसलेलं तेल निघालं. सगळी गडबड त्याचीच होती. मास्तरांनी ती जागा चार वेळा तापवून चार वेळा पुसली, मग टाके घातले. दहा वाजता पेटी राखेत गेली आणि काकू बादलीवर बसल्या. त्यामुळे स्वयंपाक मास्तरांकडे आला. त्यांनी बटाटे शिजायच्या आत उतरवले. जेवताना त्यांच्या आणि मळणीवाल्याच्या तोंडातून असा करकर आवाज यायला लागला, की काकूंनी त्यांना ताटं घेऊन रस्त्यावर पाठवलं. इस्त्रीवाल्याने विचारलं, "काय मास्तर, घरातून काढलं का?" "हो," मास्तर म्हणाले. "आवाज होतो."

दिवस कलला. राखेतून एकदाही काही वाजलं नव्हतं. काकूंची कंबर धरली होती, पण त्या उठल्या नाहीत. शेवटी मळणीवाल्याला राहवेना.

"मास्तर, आता झालं ना? काढा की. आणि हमी? या वेळी हमी देताय ना?"

मास्तरांचं बोट सवयीने उजव्या कानाकडे निघालं. अर्ध्या वाटेत थांबलं, थोडा गाल खाजवला, आणि मग त्या बोटाने त्यांनी बादलीकडे दाखवलं.

"हमी तिथे बसलीय," ते म्हणाले. "तिला विचारा."

मळणीवाला वळला. "काकू, झालं?"

काकूंनी राखेवर तळहात ठेवला. राख अजून कोमट होती. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. ते चहा निवायला ठेवून, हाताची घडी घालून, त्यांच्या उत्तराची वाट बघत उभे होते.

"थांबा," काकू म्हणाल्या.

मळणीवाल्याने चपला काढल्या आणि पाय बाकावर घेतले.