पाळीवर बसलेला माणूस

चामोर्शीकडच्या आमच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात मांडीइतकं उरलं की सगळं गाव एकाच दिवशी मासोळ्या धरायला उतरतं. रीत अशी, की ज्या घरचं माणूस पाण्यात उतरेल त्या घराला वाटा. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून राहणाऱ्याला खवलंही मिळत नाही, आणि ते रास्तच आहे.

मी मात्र बसायचो. जन्म ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या घरचा, पण दर उन्हाळ्यात काही आठवडे अंगातलं बळच कुणी काढून नेल्यासारखं होई. ताप नाही, खोकला नाही. जेवण मातीसारखं लागे, कुणी मायेनं बोललं तरी रडू येई. पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या सुमारास ते आपोआप ओसरे. लोक म्हणत, आळशी आहे. मलाही तेच खरं वाटे.

माझ्याऐवजी बायको लुगडं खोचून उतरायची. नवऱ्याला देवासारखा बसवून ठेवलाय म्हणून बाया तिला चिडवत. ती हसून वेळ मारून नेई. तिला माझ्यापायी ऐकून घ्यावं लागतं, याचा मला फार राग यायचा, स्वतःचाच.

मागच्या वर्षी मी तिला म्हणालो, वाटा गेला तर जाऊ दे, तू उतरू नकोस. ती चुलीत लाकूड सारत होती. 

"वाट्यासाठी कोण उतरते?" ती म्हणाली. "माहे बाबाबी असेच बसत पाळीवर. आमी त्याईले आळशी म्हणत होतो. एक दिवस तलावावर कोणीच नव्हतं, अन् ते पाण्यात उतरले. म्हनून मी तुमच्या अन् पाण्याच्या मधात उभी राह्यतो. बाकीच्या दिवशी कपडे धुवाले तिथंच बसतो."

सासरे तलावात पाय घसरून बुडाले, असंच मला सांगितलं होतं. मी आळशी नव्हतो, आजारी होतो. हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं, आणि तेव्हापासून ती भीतच जगत होती. मी तिथंच चुलीपाशी रडलो.

मग दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या. तरी यंदाही ते आलंच. पण या वेळी मी लपवलं नाही. मासोळ्या धरायच्या दिवशी सकाळीच तिला म्हणालो, "आलं वं."

ती पाळीवर माझ्याशेजारी येऊन बसली. खाली सगळं गाव पाण्यात होतं. यंदा आमच्या घरून कोणीच उतरलं नाही.